मुलांचे फोन क्रमांक प्रोफाइलवर: इन्स्टाग्रामच्या दंडाचे प्रकरण आणि विद्यार्थ्यांच्या समाजमाध्यमांची तुलना

सप्टेंबर २०२२ मध्ये आयर्लंडच्या डेटा संरक्षण आयोगाने इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटा कंपनीला ४० कोटी ५० लाख युरो दंड केला. रुपयांत ही रक्कम तीन हजार कोटींच्या वर जाते. युरोपच्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याखाली तोवर झालेल्या दंडांपैकी फक्त लक्झेंबर्गने २०२१ साली ॲमेझॉनला केलेला दंड याहून मोठा होता. आकड्यामुळे बातमी गाजली आणि लवकरच मागे पडली. शाळा-महाविद्यालयात शिकवणाऱ्या किंवा घरात शाळकरी मूल असलेल्या प्रत्येकाने मात्र हे प्रकरण मुळातून समजून घ्यावे असे मला मनापासून वाटते. त्यात कोणाचे खाते हॅक झाले नव्हते, पासवर्ड चोरीला गेला नव्हता, कोणा मुलाने अनोळखी माणसाला आपला क्रमांक पाठवलेला नव्हता. तरीही तेरा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींचे फोन क्रमांक आणि ईमेल पत्ते, ज्याला पाहायचे त्याला पाहता येतील अशा रीतीने, जगापुढे मांडले गेले होते.

विद्यार्थ्यांसाठी कोणते समाजमाध्यम सुरक्षित, हा प्रश्न पालकसभेत हमखास निघतो आणि त्याचे उत्तर बहुधा ऐकीव माहितीवर दिले जाते: अमुक ॲप बरे, तमुक वाईट. मला ही तुलना या एका प्रकरणाच्या आधारे करायची आहे. नवे खाते उघडल्यावर, एकही सेटिंग न बदलता, त्या मुलाचे काय काय कोणाला दिसते, आणि एखादी हवीशी सोय मिळवण्यासाठी त्याला काय उघडे करावे लागते, या दोन गोष्टींवरून माध्यमाची सुरक्षितता जोखावी असे माझे म्हणणे आहे. धोरणपत्रिकेतील आश्वासने त्यानंतर वाचावीत.

प्रकरण काय होते

इन्स्टाग्रामने २०१६ साली दुकानदार, कलाकार आणि छोटे उद्योजक यांच्यासाठी बिझनेस खात्याची सोय आणली. साध्या खात्याचे बिझनेस खाते करायला पैसे लागत नव्हते, व्यवसाय असल्याचा पुरावा लागत नव्हता आणि अल्पवयीनांनाही ती सोय खुली होती. खाते बदलले की दोन गोष्टी घडत. वापरकर्त्याला आकडेवारी मिळू लागे: पोस्ट किती जणांपर्यंत पोहोचली, प्रोफाइलला किती जणांनी भेट दिली, ते कोणत्या वयाचे आणि कोणत्या गावचे. त्याचबरोबर प्रोफाइलवर संपर्काची बटणे येत, आणि त्यासाठी ईमेल किंवा फोन क्रमांक सार्वजनिक करणे सप्टेंबर २०१९ पर्यंत सक्तीचे होते.

चौदा वर्षांच्या मुलीला बिझनेस खाते कशासाठी हवे असेल, असा प्रश्न मोठ्यांना पडतो. तिच्या वयाच्या कोणालाही तो पडणार नाही. आपण टाकलेला नाचाचा व्हिडिओ किती जणांनी पाहिला, काल वाढलेले फॉलोअर आज का घटले, कोणत्या वेळी टाकलेल्या पोस्टला जास्त प्रतिसाद मिळतो, हे जाणून घेण्याची ओढ त्या वयात तीव्र असते, आणि ती आकडेवारी साध्या खात्यात मिळत नव्हती. २०१९ मध्ये इन्स्टाग्रामने काही देशांत लाइक्सचा आकडा लपवण्याचा प्रयोग सुरू केल्यावर हे आकर्षण आणखी वाढले असावे, असे त्यावेळच्या अभ्यासकांचे निरीक्षण होते. डेव्हिड स्टीअर या अमेरिकी डेटा-विश्लेषकाने सुमारे दोन लाख इन्स्टाग्राम खात्यांचा अभ्यास करून २०१९ मध्ये हा प्रकार कंपनीच्या आणि नंतर नियामकांच्या नजरेस आणून दिला. अल्पवयीन मुले मोठ्या संख्येने बिझनेस खात्यांकडे वळली आहेत आणि त्यांची संपर्क माहिती उघडी पडली आहे, हे त्याच्या तक्रारीचे सार होते.

खाते बदलताना मुलांसमोर येणारा पडदा नीट डोळ्यांपुढे आणण्यासारखा आहे. त्यावर संपर्क माहिती तपासून घ्या अशा आशयाची सूचना असे आणि खालच्या चौकटींत, खाते उघडताना दिलेला ईमेल आणि फोन क्रमांक, आधीच भरलेले असत. मुलाने काही लिहायचे नव्हते, फक्त पुढे जायचे होते. सक्ती उठल्यावर आपली माहिती न वापरण्याचा पर्याय या पडद्यावर आला, पण भरलेल्या चौकटी आणि पुढे जाण्याचे ठळक बटण समोर असताना तो पर्याय शोधून निवडणे हे मुलाच्या सावधपणावर सोडले गेले.

हा क्रमांक मुळात कशासाठी दिला होता, हे विसरता कामा नये. खाते उघडताना ओटीपी यावा, पासवर्ड विसरल्यास खाते परत मिळावे, म्हणून मुलाने तो दिला होता. अनेक घरांत मुलाच्या नावाचा वेगळा क्रमांकही नसतो. आईचा किंवा बाबांचा क्रमांक दिलेला असतो. खाते सुरक्षित राहावे म्हणून घेतलेला क्रमांक पुढे जाहिरातीच्या फलकावर लावला गेला, आणि या बदलासाठी मुलाची जी संमती घेतली गेली ती आधीच भरलेल्या एका अर्जावरची संमती होती. संपूर्ण प्रकरणाचा गाभा मला इथे दिसतो.

त्यातच एक तांत्रिक भर पडली. ही संपर्क माहिती इन्स्टाग्रामच्या संकेतस्थळावरील पानांच्या एचटीएमएल कोडमध्येही, म्हणजे पान ज्या सांकेतिक मजकुरातून तयार होते त्यातही, लिहिलेली असे. ॲपमधले बटण दाबून एकेक क्रमांक पाहणे वेगळे आणि एखाद्या छोट्या प्रोग्रामने हजारो पानांचा कोड वाचून क्रमांकांची यादी तयार करणे वेगळे. पहिल्या प्रकारात निदान माणसाचा वेळ आणि कष्ट खर्ची पडतात, दुसऱ्यात तेही नाहीत. अशा याद्या प्रत्यक्ष कशा बनतात याचे उदाहरण महाराष्ट्रातच मिळाले. मे २०१९ मध्ये मुंबईतील एका मार्केटिंग कंपनीचा, इन्स्टाग्रामवरील प्रभावी वापरकर्त्यांचे फोन क्रमांक आणि ईमेल असलेला डेटाबेस पासवर्डविना इंटरनेटवर उघडा सापडला. शोधणाऱ्यांच्या मते त्यात ४ कोटी ९० लाख नोंदी होत्या. कंपनीने तो आकडा अमान्य करून साडेतीन लाख सांगितला आणि त्यातील माहिती सार्वजनिक स्रोतांतून किंवा खुद्द वापरकर्त्यांकडून मिळाल्याचे म्हटले. खरा आकडा कोणताही धरला तरी, सार्वजनिक प्रोफाइलवर एकदा उमटलेला क्रमांक कोणत्या शहरातल्या कोणत्या सर्व्हरवर जाऊन पडेल यावर त्या मुलाचा काही ताबा राहत नाही, हे त्यातून दिसले.

नियामकाने काय ठरवले

आयर्लंडच्या आयोगाने सप्टेंबर २०२० मध्ये स्वतःहून चौकशी सुरू केली. मेटाचे युरोपीय मुख्यालय डब्लिनमध्ये असल्याने प्रकरण त्यांच्याकडे गेले. चौकशीचे मुद्दे दोन होते. बिझनेस खात्यांवरील मुलांची संपर्क माहिती हा एक. दुसरा मुद्दा बातम्यांत कमी आला, पण माझ्या मते तो अधिक वजनदार होता: साधे वैयक्तिक खाते उघडणाऱ्या मुलाचे खाते मुळातच सार्वजनिक असे, आणि ते खाजगी करायचे तर सेटिंगमध्ये जाऊन मुलाने स्वतः बदल करावा लागे.

आयोगाच्या मसुद्यावर इतर युरोपीय देशांच्या नियामकांनी हरकती घेतल्या, वाद या सर्व नियामकांच्या सामायिक मंडळाकडे, युरोपियन डेटा प्रोटेक्शन बोर्डाकडे, गेला आणि जुलै २०२२ मध्ये बोर्डाने बंधनकारक निर्णय दिला. कंपनीचे म्हणणे असे होते की संपर्क माहिती प्रसिद्ध करणे हे वापरकर्त्याशी झालेल्या कराराच्या पूर्ततेसाठी, किंवा कंपनीच्या आणि इतरांच्या न्याय्य हितासाठी आवश्यक होते. बोर्डाने दोन्ही आधार मुलांच्या बाबतीत फेटाळले. कंपनीने स्वतःच सप्टेंबर २०१९ मध्ये ती सक्ती उठवली आणि त्यानंतरही बिझनेस खाती सुरळीत चालू राहिली, हे पाहता आवश्यकतेचा दावा टिकणे अवघडच होते.

आयोगाच्या अंतिम निर्णयातील बाकीचे निष्कर्ष असे: मुलांना आपली माहिती कोणापर्यंत जाणार हे सोप्या आणि स्पष्ट भाषेत सांगितले गेले नाही, गरजेपुरतीच माहिती वापरावी हे तत्त्व पाळले गेले नाही, गोपनीयता ही मूळ रचनेतच आणि मूळ सेटिंगमध्येच असली पाहिजे, या जीडीपीआरच्या कलम २५ मधील अपेक्षेचा भंग झाला, आणि अशी सोय मुलांना खुली करण्यापूर्वी तिच्यातून संभवणाऱ्या धोक्याचे जे मूल्यमापन कायद्याने करायला हवे होते ते केले गेले नाही. दंडासोबत ताकीद देण्यात आली आणि तीन महिन्यांत व्यवहार सुधारण्याचा आदेश झाला. कंपनीने अपील करणार असल्याचे जाहीर केले आणि चौकशी जुन्या सेटिंगविषयी होती, त्यात वर्षभरापूर्वीच बदल केले आहेत, अशी बाजू मांडली. जुलै २०२१ पासून कमी वयाच्या नव्या वापरकर्त्यांची खाती मुळातच खाजगी ठेवण्यास इन्स्टाग्रामने सुरुवात केली होती, हे खरे आहे. पण २०१६ ते २०२१ या काळात जी मुले तेरा वर्षांची होऊन या माध्यमावर आली, त्यांतली सुरुवातीची तोवर सज्ञान झाली होती, आणि त्यांचे क्रमांक जिथे जायचे तिथे जाऊन पोहोचले होते.

हीच मोजपट्टी इतर माध्यमांना लावली तर

टिकटॉकचे प्रकरण इन्स्टाग्रामच्या जवळ जाते. त्याच आयोगाने सप्टेंबर २०२३ मध्ये टिकटॉकला ३४ कोटी ५० लाख युरो दंड केला. चौकशी २०२० च्या उत्तरार्धातील सेटिंगविषयी होती आणि मुलांची खाती मुळातच सार्वजनिक असणे हा त्यातील मुख्य दोष होता. पण तिथे आणखी एक गोष्ट पुढे आली जी पालकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. मुलाचे खाते मोठ्या माणसाच्या खात्याला जोडण्याची 'फॅमिली पेअरिंग' ही सोय पालकांच्या देखरेखीसाठी होती, परंतु जोडणारा माणूस खरोखर पालक आहे का याची खातरजमा होत नव्हती, आणि जोडलेल्या खात्यातून सोळा वर्षांवरील मुलांचे थेट मेसेज सुरू करता येत होते. सुरक्षेची म्हणून दिलेली सोयच पडताळणीअभावी धोक्याची ठरली. भारतात टिकटॉकवर २९ जून २०२० पासून बंदी आहे, त्यामुळे आपल्या विद्यार्थ्यांपुरता तो प्रश्न मिटला असे वाटू शकते. मात्र तसेच छोटे व्हिडिओ आता ते इन्स्टाग्रामच्या रील्सवर आणि यूट्यूबच्या शॉर्ट्सवर पाहतात आणि टाकतात.

फेसबुक आणि स्नॅपचॅट यांच्या बाबतीत प्रश्न पुन्हा फोन क्रमांकाशीच येतो. एप्रिल २०२१ मध्ये फेसबुकच्या सुमारे ५३ कोटी ३० लाख वापरकर्त्यांचे क्रमांक एका मंचावर फुकट वाटले गेले. त्यांत सुमारे साठ लाख भारतीय होते. फोनमधील संपर्कयादी चढवून ओळखीची माणसे शोधण्याची जी सोय होती, तिच्यातून यंत्राने एकामागून एक क्रमांक तपासून ही यादी बनवली गेली होती. आयर्लंडने त्यासाठी नोव्हेंबर २०२२ मध्ये २६ कोटी ५० लाख युरो दंड केला. स्नॅपचॅटच्या मित्र शोधण्याच्या सोयीतून तर २०१३ च्या अखेरीस ४६ लाख वापरकर्त्यांची युजरनेम आणि क्रमांक बाहेर गेले होते. स्नॅपचॅटविषयी विद्यार्थ्यांमध्ये जो मोठा गैरसमज आहे, की पाठवलेला फोटो आपोआप नाहीसा होतो, त्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१४ मध्ये कंपनीवर फसव्या दाव्यांचा ठपका ठेवला होता. समोरचा माणूस स्क्रीनशॉट घेऊ शकतो, दुसऱ्या फोनने त्या पडद्याचा फोटो काढू शकतो. आजच्या मूळ सेटिंगचा विचार केला तर स्नॅपचॅट पूर्वीपेक्षा बरे आहे: मित्र नसलेल्यांशी संवादावर मर्यादा आहे आणि नकाशावर आपले ठिकाण दाखवणे मुळात बंद असते. धोका असतो तो मैत्रिणींच्या आग्रहाने ते सुरू करण्यात, कारण एकदा सुरू केले की शिकवणीचा वर्ग, घर आणि मैदान यांचे रोजचे वेळापत्रक नकाशावर आपोआप उमटते.

व्हॉट्सॲपवर जरा थांबावे लागेल. महाराष्ट्रात शाळा आणि क्लास यांचा सारा कारभार याच माध्यमावर चालतो आणि त्याला कोणी समाजमाध्यम समजतच नाही. मेसेजचा मजकूर २०१६ पासून एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्टेड आहे, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून तो कंपनीलाही वाचता येत नाही, हा त्याचा खरा गुण. पण व्हॉट्सॲपवर फोन क्रमांक हीच ओळख असते. गावातल्या साध्या कनिष्ठ महाविद्यालयाचा अकरावीचा गट घ्या. गटाचे नाव दाबले की खाली सदस्यांची यादी येते: ज्यांचे नंबर आपण सेव्ह केलेले नाहीत त्यांचे पूर्ण दहा आकडे, शेजारी त्यांनी स्वतः ठेवलेले नाव आणि फोटो. सत्तर-ऐंशी मुलामुलींच्या गटात कोणी एकाने ती यादी बाहेर दिली, किंवा गटात येण्याची लिंक दुसऱ्या गटात टाकली, की वर्गातल्या प्रत्येक मुलीचा क्रमांक आणि चेहरा अनोळखी माणसाच्या हातात पडतो. इन्स्टाग्रामच्या प्रकरणात नियामकाने ज्या गोष्टीला दोष ठरवले, ती गोष्ट इथे आपण शिक्षकच रोज करतो, आणि तीही केवळ सूचना देण्यासाठी. मजकुराची गोपनीयता आणि ओळखीची गोपनीयता या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीत व्हॉट्सॲप भक्कम आहे, दुसरीत वर्गगटाच्या रूपात कमकुवत.

यावर उपाय त्याच ॲपमध्ये आहेत. २०२३ मध्ये आलेल्या चॅनेलच्या सोयीत सदस्यांना एकमेकांचे क्रमांक दिसत नाहीत, आणि कम्युनिटी या अनेक गट एकत्र बांधणाऱ्या सोयीच्या सूचना-गटातही ते इतर सदस्यांपासून झाकलेले राहतात. एकतर्फी सूचनांसाठी, म्हणजे परीक्षेचे वेळापत्रक, सुट्टी, शुल्क, यांसाठी शाळेला गटाची गरजच नाही. आपल्याला गटात कोण घालू शकतो ही सेटिंग एप्रिल २०१९ पासून उपलब्ध आहे, मात्र मुळात ती 'सर्व' यावर असते. विद्यार्थ्यांनी ती 'माझे संपर्क' यावर आणणे हे अर्ध्या मिनिटाचे काम आहे, आणि वर्षाच्या पहिल्याच तासाला वर्गात सर्वांकडून एकत्र करून घेता येईल.

टेलिग्राम हे स्पर्धापरीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्यांचे माध्यम आहे. पुण्यातल्या पेठांमधून अभ्यासिकेत जाणाऱ्या कोणालाही विचारा. नोट्स, चालू घडामोडींच्या पीडीएफ, जाहिरातींचे तपशील, सारे तिथल्या चॅनेलवरून मिळते. ओळखीच्या गोपनीयतेत टेलिग्राम व्हॉट्सॲपच्या पुढे आहे: युजरनेम ठेवून फोन क्रमांक झाकता येतो आणि चॅनेलच्या सदस्यांना एकमेकांची यादी दिसत नाही. मजकुराच्या गोपनीयतेत ते मागे आहे, कारण तिथले नेहमीचे संवाद एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्टेड नसतात. त्यासाठी 'सिक्रेट चॅट' वेगळी सुरू करावी लागते आणि गटांना ती सोय नाही. चॅनेल चालवणाऱ्याला निनावी राहता येते, याचा फटका महाराष्ट्राने एप्रिल २०२३ मध्ये पाहिला. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या गट ब आणि गट क संयुक्त पूर्वपरीक्षेच्या आधी ९० हजारांहून अधिक उमेदवारांची प्रवेशपत्रे एका टेलिग्राम चॅनेलवर प्रसिद्ध झाली. माहिती टेलिग्राममधून फुटलेली नव्हती, ती आयोगाच्या ऑनलाइन यंत्रणेतून बाहेर गेली होती. पण ती पसरवण्यासाठी चॅनेल निवडले गेले ते पसरवणाऱ्याला मिळणाऱ्या आडोशामुळे असावे. ज्या गुणामुळे विद्यार्थिनीचा क्रमांक झाकला जातो त्याच गुणामुळे तिची माहिती टाकणाराही झाकला जातो, म्हणून टेलिग्रामचे मोल एका शब्दात सांगता येत नाही.

डिस्कॉर्ड या गटागटाने गप्पा मारण्याच्या माध्यमावर गेम खेळणारी आणि कोडिंग शिकणारी मुले असतात. फोन क्रमांक न देताही खाते उघडता येते ही जमेची बाजू. मात्र एकाच सर्व्हरवरील (तिथल्या सामायिक गटातील) अनोळखी व्यक्ती थेट मेसेज करू शकते का, हे सेटिंगवर अवलंबून असल्याने ती सेटिंग आधी पाहावी.

वय सांगण्याचा प्रश्न

इन्स्टाग्रामने सप्टेंबर २०२४ मध्ये 'टीन अकाउंट' आणले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ते भारतात जाहीर केले. अठरा वर्षांखालील मुलांचे खाते मुळात खाजगी, मेसेज फक्त ते ज्यांना फॉलो करतात किंवा जे आधी जोडलेले आहेत त्यांचेच, रात्री दहा ते सकाळी सात सूचना बंद, आणि सोळा वर्षांखालील मुलाला यात ढिलाई हवी असल्यास पालकांची परवानगी आवश्यक. २०२२ च्या निर्णयात मागितलेली रचना ती हीच. आज केवळ मूळ सेटिंगचा निकष लावला, तर २०२१ पूर्वी ढिले असलेले हे माध्यम कागदावर सर्वांत कडक माध्यमांत मोडते.

हे सारे संरक्षण मात्र जन्मवर्षाच्या एका चौकटीवर टेकलेले आहे. बाराव्या वर्षी खाते उघडताना मुलाने वय चार वर्षांनी वाढवणारे खोटे वर्ष टाकले, तर वयाच्या पंधराव्या वर्षी माध्यमाच्या हिशेबी ते अठरा पार केलेले असते आणि यातील एकही कवच त्याला मिळत नाही. विद्यार्थ्यांना मी सांगेन अशी पहिली गोष्ट 'खाते खाजगी करा' ही नसेल. 'खात्यातले जन्मवर्ष खरे करा' ही असेल. ते करताना शिक्षा होणार नाही याची हमी पालकांनी आधी द्यायला हवी, नाहीतर मूल ती चौकट कधीच उघडणार नाही.

वय पटवण्याचा दुसरा मार्ग ओळखपत्र मागण्याचा आहे आणि त्याची किंमतही दिसून आली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्डने जाहीर केले की ग्राहकसेवेसाठी नेमलेल्या एका बाहेरच्या कंपनीकडून सुमारे ७० हजार वापरकर्त्यांच्या सरकारी ओळखपत्रांची छायाचित्रे बाहेर गेली असावीत. ती वयाबाबतच्या तक्रारींच्या निवारणासाठी घेतलेली होती. फोन क्रमांक बदलता येतो. ओळखपत्रावरचे नाव, जन्मतारीख आणि चेहरा बदलता येत नाही.

आपल्याकडचा कायदा

भारताचा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुलांच्या बाबतीत तो युरोपपेक्षा कडक आहे. अठरा वर्षांखालील प्रत्येकाला तो मूल मानतो, त्याची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती मागतो, मुलांचा माग काढणे, त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवणे आणि त्यांना उद्देशून लक्ष्यित जाहिराती दाखवणे यांना मनाई करतो, आणि हे न पाळल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंड सांगतो. ही कलमे प्रत्यक्ष लागू होण्यास नियमांनी अठरा महिने दिले आहेत, म्हणजे मे २०२७ उजाडेल. शैक्षणिक कामासाठी आणि मुलांच्या सुरक्षेसाठी शाळांना माग काढण्याच्या मनाईतून मर्यादित सूट आहे. तिचा अर्थ वर्गाची क्रमांकयादी उघडी ठेवण्याची मुभा असा मात्र कोणत्याही संस्थेने घेऊ नये.

संमतीची पडताळणी कशी व्हावी यासाठी नियमांनी दाखवलेल्या वाटांपैकी दोन महत्त्वाच्या आहेत. पालकांची ओळख आणि वय यांची माहिती माध्यमाकडे आधीच असेल तर तिच्या आधारे, किंवा डिजिलॉकरसारख्या अधिकृत सेवेने दिलेल्या टोकनच्या आधारे. डिस्कॉर्डच्या घटनेनंतर दुसरी वाट उघडपणे अधिक चांगली वाटते, कारण तीत माध्यमाला एवढेच कळावे लागते की समोरची व्यक्ती सज्ञान आहे; ओळखपत्राची प्रत त्याच्याकडे साठण्याचे कारण उरत नाही. पहिली वाट माध्यमांना सोयीची असल्याने ती सर्रास वापरली जाईल अशी मला भीती वाटते, आणि तीत एक जुना दोष पुन्हा शिरू शकतो: टिकटॉकच्या जोडणीत जसे घडले, तसे कोणीही मोठा माणूस पालक म्हणून उभा राहील. मे २०२७ पर्यंतच्या काळात पालक-शिक्षक संघांनी माध्यमांकडे आणि शासनाकडे नेमका हाच प्रश्न लेखी विचारावा, की पालक म्हणून संमती देणारा माणूस त्या मुलाचाच पालक आहे हे तुम्ही कशावरून ठरवणार, आणि ते ठरवताना गोळा केलेली कागदपत्रे किती दिवसांत पुसून टाकणार.